दोन निळ्या छटा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम आणि चॅपेल हिल ही दोन गावे एकमेकांपासून अवघ्या दहाएक मैलांवर वसलेली आहेत. दोन्ही गावांची कीर्ती तेथील विद्यापीठांमुळे झाली आहे. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची सनद १७८९ सालची. डरहॅमचे ड्यूक विद्यापीठ त्यामानाने धाकटे. तंबाखूच्या व्यापारात गडगंज झालेल्या ड्यूक घराण्याच्या देणगीतून १९२४ साली त्याला आजचे नाव मिळाले. दोन्ही विद्यापीठांचा रंग निळाच. परंतु ड्यूकचा निळा दिवेलागणीनंतरच्या आकाशासारखा गडद आणि कॅरोलिनाचा निळा सकाळच्या निरभ्र आकाशासारखा फिकट. परक्या माणसाला या दोन छटांतील अंतर क्षुल्लक वाटेल. त्या मुलखात मात्र पाळण्यातील मुलाला कोणत्या निळ्या रंगाचे झबले घालावयाचे, यावरूनही घराघरांतून लटके वाद रंगतात.

या वादाचे मूळ बास्केटबॉलच्या खेळात आहे. दोन्ही विद्यापीठांचे संघ १९२० च्या जानेवारीत प्रथम समोरासमोर आले, आणि तेव्हापासूनच्या शंभर वर्षांत ही चुरस त्या गावांच्या जीवनाचा एक भागच होऊन बसली. दर हिवाळ्यात निदान दोनदा हे संघ एकमेकांशी झुंजतात. त्या दिवशी दुकानदार गिऱ्हाइकाला आधी सामन्याविषयी विचारतो आणि मग काय हवे ते विचारतो.

डरहॅममध्ये एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आयुष्यभर त्यांनी हिशेबनिसाची नोकरी केली होती. ते स्वतः कधी कोणत्या संघातून खेळले नव्हते. परंतु ड्यूकचा सामना असला, की त्यांचे जेवणावर लक्ष नसे. १९८० साली माइक शिशेफ्स्की नावाचे एक तरुण प्रशिक्षक ड्यूकमध्ये आले, तेव्हा हे गृहस्थही तरुण होते. पहिल्या तीन वर्षांत त्या प्रशिक्षकांच्या हाताखाली संघाने ३८ सामने जिंकले आणि ४७ गमावले. ‘यांना घरी पाठवा’ अशी ओरड गावात सुरू झाली, आणि त्या ओरडण्यात या गृहस्थांचाही आवाज मिसळलेला होता. पुढे त्याच प्रशिक्षकांनी १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. त्या प्रत्येक विजयाच्या रात्री गृहस्थांना आपली जुनी ओरड आठवे आणि मनातल्या मनात ते थोडे ओशाळत.

त्यांच्या कुंपणापलीकडे राहणारे शेजारी कॅरोलिनाचे कट्टर अभिमानी होते. चाळीस वर्षांच्या या शेजारात दोघांनी एक रिवाज पाळला होता. ज्याचा संघ हरेल त्याने त्याच रात्री दुसऱ्याच्या घरी जायचे, त्याचा हात हातात घ्यायचा आणि त्याच्या हातची कॉफी प्यायची. हा रिवाज प्रथम कोणी घातला, हे दोघांनाही आठवत नसे. जिंकलेल्याने आपल्या व्हरांड्यातील दिवा लावून ठेवावा आणि हरलेल्याने कुंपण ओलांडून यावे, एवढेच ठरलेले होते. कित्येक वर्षे हा दिवा कधी या घरी लागला, कधी त्या घरी. परंतु तो वाया म्हणून कधी गेला नाही.

२०२२ साल उजाडले. वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या प्रशिक्षकांनी या हंगामानंतर आपण निवृत्त होणार असल्याचे आधीच जाहीर केले होते. ५ मार्च रोजी ड्यूकच्या स्वतःच्या क्रीडागृहात त्यांचा अखेरचा सामना होता, आणि योगायोग असा, की प्रतिस्पर्धी होता कॅरोलिनाचा संघ. १९४० साली बांधलेल्या त्या क्रीडागृहात जेमतेम नऊ हजारांवर माणसे मावतात. तेथे जागा मिळावी म्हणून विद्यार्थी कित्येक दिवस थंडीवाऱ्यात तंबू ठोकून राहतात. प्रशिक्षकांना निरोप देण्यासाठी त्यांचे जुने शिष्य देशाच्या कानाकोपऱ्यांतून आले होते. निरोपाची सारी सिद्धता झाली होती. परंतु कॅरोलिनाच्या मुलांनी तो सामना ९४ विरुद्ध ८१ गुणांनी जिंकला! सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी भरल्या सभेत आजचा खेळ आपल्याला मान्य होण्यासारखा नव्हता, अशी सरळ कबुली दिली. त्या रात्री गृहस्थ कुंपण ओलांडून गेले. कॉफी त्यांना कडू लागली, पण ती त्यांनी संपविली.

त्या कडवटपणात एक आशा होती. अजून राष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. ती सुरू झाली आणि दोन्ही संघ एकेक फेरी ओलांडत शेवटच्या चार संघांत येऊन पोचले. शंभर वर्षांच्या चुरशीत या स्पर्धेमध्ये ते एकमेकांपुढे कधीच आले नव्हते. आता २ एप्रिल रोजी न्यू ऑर्लीन्सच्या प्रचंड क्रीडागारात, सत्तर हजार प्रेक्षकांसमोर, उपांत्य सामन्यासाठी त्यांची गाठ पडणार होती. हरणाऱ्याचा हंगाम तेथेच संपणार होता, आणि ड्यूक हरल्यास त्यांच्या प्रशिक्षकांची बेचाळीस वर्षांची कारकीर्दही.

त्या शनिवारी रात्री गृहस्थ दूरचित्रवाणी संचासमोर बसले. शेजारी त्यांची अकरा वर्षांची नात बसली होती. ती स्वतः शाळेच्या संघातून खेळत असे, आणि आजोबांप्रमाणे तिच्याही अंगात गडद निळा सदरा होता.

सामना असा झाला, की पाहणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळू नये. मध्यंतराला ड्यूक ३७ विरुद्ध ३४ असा तीन गुणांनी पुढे होता. नंतर कधी हा संघ पुढे, तर कधी तो. कॅरोलिनाच्या आर्मांडो बेकॉट या दांडग्या खेळाडूचा घोटा मुरगळला. तो लंगडत बाहेर गेला आणि थोड्याच वेळात परतून पुन्हा चेंडूसाठी उड्या मारू लागला. अखेर सत्तेचाळीसएक सेकंद उरले असताना कॅरोलिना ७५ विरुद्ध ७४ असा एकाच गुणाने पुढे होता, आणि ड्यूकच्या मार्क विल्यम्स या उंच्यापुऱ्या खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाले.

फ्री थ्रो म्हणजे प्रतिपक्षाच्या नियमभंगाबद्दल मिळालेली बिनअडथळ्याची फेक. कड्यामागच्या फळ्यापासून पंधरा फुटांवर एक रेघ आखलेली असते. दहा फूट उंचीवर अठरा इंच व्यासाचे लोखंडी कडे असते. रेघेवर उभ्या राहिलेल्या खेळाडूला कोणी अडवायचे नाही, कोणी त्याच्या अंगावर धावून जायचे नाही. सारा खेळ त्याच्यासाठी थांबतो. वरवर पाहता याहून सोपे काम नाही. परंतु खेळाच्या धामधुमीत ज्याच्या साह्याला चार सोबती असतात, तो त्या रेघेवर अगदी एकटा असतो.

पहिली फेक हुकली. दुसरीही हुकली.

“असल्या पोराला संघात घेतलेच कशाला?” गृहस्थ खुर्चीतून उठून ओरडले. पुढे आणखीही काही शब्द त्यांच्या तोंडून गेले. ते त्यांनी आपल्या घरात कधी उच्चारले नव्हते.

त्यानंतर कॅरोलिनाच्या केलेब लव्हने तीन गुणांची एक लांबची फेक साधली आणि सामना ड्यूकच्या हातून निसटला. शेवटचे आकडे झळकले : कॅरोलिना ८१, ड्यूक ७७. वृद्ध प्रशिक्षक आपल्या पत्नीचा हात हातात धरून शांतपणे बाहेर निघाले होते. गृहस्थांनी संच बंद केला.

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. मग नातीने हळूच विचारले, “आजोबा, शाळेत माझा फ्री थ्रो हुकतो, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात मलाही असेच म्हणता का?”

गृहस्थांना उत्तर सुचले नाही. “रात्र फार झाली, झोप जा,” एवढेच ते म्हणाले.

कुंपणापलीकडे व्हरांड्यातील दिवा लागलेला होता. पडदा किंचित बाजूला सारून गृहस्थांनी तो दोन-तीन वेळा पाहिला. मध्यरात्र उलटून गेल्यावर तो मालवला. चाळीस वर्षांत हा दिवा प्रथमच व्यर्थ जळला होता.

अंथरुणावर पडल्यावरही त्यांना झोप येईना. ते स्वतःलाच विचारू लागले : आपले असे काय गेले? आपण चेंडूला हात लावला नव्हता. आपल्या पदरचा पैसा बुडाला नव्हता. सकाळी सूर्य उगवायचा तेथेच उगवणार होता. मग छातीवर हे ओझे कसले? विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की चाहता आपला आनंद दुसऱ्यांच्या हाती ठेव म्हणून देत असतो. ज्यांच्या हाती तो देतो, ती अठरा-वीस वर्षांची मुले असतात. त्यांनी ती ठेव वाढवून परत केली, की चाहता ‘आपण जिंकलो’ असे अभिमानाने सांगतो. त्यांच्या हातून ती सांडली, की मात्र ‘ते हरले’ असे म्हणून तो बाजूला होतो. हिशेबाच्या वहीत जमेची बाजू तेवढी आपल्या नावावर आणि खर्चाची दुसऱ्याच्या नावावर लिहिणारा कारकून नोकरीत एक दिवसही टिकला नसता! मग आपण चाळीस वर्षे अशीच वही लिहीत आलो की काय?

त्यांना आपल्या नोकरीतील चुका आठवल्या. एकदा तर मोठ्या रकमेतील एक शून्य त्यांच्या हातून गळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्यांच्याच लक्षात आले आणि कोणाला कळण्यापूर्वी त्यांनी आकडा दुरुस्त केला. त्या चुकीला साक्षीदार नव्हता. आणि तो विशीतला मुलगा? त्याची चूक सत्तर हजार माणसांनी समोर बसून पाहिली होती, घरोघरी बसून पाहिलेल्यांची तर गणतीच नव्हती. ती खोडायला त्याच्याजवळ दुसरा दिवसही नव्हता. हंगामच संपला होता. या क्षणी तोही कोठेतरी जागाच असेल, असे त्यांना वाटले, आणि आपण उच्चारलेले शब्द आठवून त्यांनी अंधारात डोळे मिटून घेतले.

रविवारी सकाळी अंगणातून चेंडूचा धप् धप् आवाज येऊ लागला. गॅरेजच्या भिंतीवर बसविलेल्या कड्यासमोर खडूने रेघ ओढून नात एकटीच फ्री थ्रोचा सराव करीत होती. एक चेंडू कड्यातून जाई, तर दोन कड्यावर आदळून दूर उसळत. प्रत्येक वेळी तिला धावत जाऊन तो उचलून आणावा लागे.

गृहस्थ बाहेर आले आणि काही न बोलता कड्याखाली जाऊन उभे राहिले. चेंडू आला की तो उचलायचा आणि तिच्याकडे परत टाकायचा, हे काम त्यांनी पत्करले. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, “काल मी जे बोललो, ते चुकीचे होते. त्या मुलाबद्दलही, आणि तू विचारलेस त्याला उत्तर दिले नाही, तेही.”

नातीने चेंडू दोन वेळा जमिनीवर आपटला. “मग माझा हुकला तर काय म्हणाल?”

“काही म्हणणार नाही. चेंडू आणून देईन.”

सोमवारी, ४ एप्रिल रोजी अंतिम सामना होता. कॅरोलिनाची गाठ कॅन्सस विद्यापीठाशी होती. गृहस्थांचे मन अजून पुरते निवळले नव्हते. पश्चात्ताप झाला म्हणून मत्सर लगेच घर सोडून जातो, असे थोडेच आहे? कॅरोलिना हरावा आणि आपण तो सोहळा डोळे भरून पाहावा, या हेतूनेच ते संचासमोर बसले. मध्यंतराला कॅरोलिना ४० विरुद्ध २५ असा पुढे होता. गृहस्थांनी सुस्कारा सोडला. परंतु नंतर फासे उलटे पडू लागले. कॅन्ससच्या मुलांनी पंधरा गुणांची पिछाडी भरून काढली. शेवटच्या मिनिटात, शनिवारी ज्याचा घोटा मुरगळला होता, त्याच बेकॉटचा पाय पुन्हा दगा देऊन गेला आणि तो वेदनेने बाहेर गेला. बरोबरी साधण्यासाठी केलेली कॅरोलिनाची अखेरची फेक कड्यात गेली नाही. कॅन्सस ७२, कॅरोलिना ६९. मध्यंतराची एवढी मोठी पिछाडी भरून काढून अंतिम सामना आजवर कोणी जिंकला नव्हता.

गृहस्थांच्या तोंडून हर्षाचा एक उद्गार निघाला. नाही असे नाही. पण तो उद्गार खोलीत एकटाच घुमला आणि विरला. पडद्यावर फिकट निळ्या सदऱ्यातील मुले खाली मान घालून उभी होती. गृहस्थांना तो चेहरा ओळखीचा वाटला. शनिवारी रात्री त्यांनी तो आपल्या मुलांच्या मुखावर पाहिला होता, आणि आरसा समोर असता, तर स्वतःच्याही मुखावर पाहिला असता. रंगाच्या छटा दोन होत्या, पण दुःख तेच होते. आता हे दुःख आपल्याइतके ओळखणारा माणूस या गल्लीत दुसरा कोण आहे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि ते उठले.

शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात अंधार होता. गृहस्थांनी दार ठोठावले. दार उघडायला जरा वेळ लागला.

“हसायला आलात?” शेजाऱ्यांनी विचारले.

“नाही. शनिवारची कॉफी राहिली होती.”

शेजारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. “त्या रात्री दिवा लावला होता मी.”

“पाहिला होता.”

एवढ्यावर तो विषय संपला. वृद्धांच्या मैत्रीत क्षमा मागण्याला आणि ती देण्याला फार शब्द लागत नाहीत. दोघेही स्वयंपाकघरातील मेजाशी बसले. बऱ्याच वेळाने शेजारी म्हणाले, “आम्हाला कॅन्ससने हरविले, यात एक गंमत आहे. हा खेळ ज्यांनी शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ कॅन्ससचेच पहिले प्रशिक्षक.”

ही गोष्ट गृहस्थांना अर्धवटच ठाऊक होती. शेजाऱ्यांनी ती सविस्तर सांगितली. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. बर्फामुळे विद्यार्थ्यांना मैदानावर नेता येईना, म्हणून त्यांनी घरात खेळता येईल असा खेळ योजिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले. टोपल्यांना बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला, की कोणीतरी शिडीवर चढून तो काढून द्यावा लागे. पुढे नेस्मिथ कॅन्ससला गेले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा अधिक वेळा हरलेले प्रशिक्षक तेवढे तेच!

“खेळ ज्यांनी जन्माला घातला, त्यांनाच तो सर्वांत कमी वश झाला,” शेजारी म्हणाले.

गृहस्थ मात्र शिडीवर चढणाऱ्या त्या अनाम माणसाचा विचार करीत होते. त्याच्या नावावर एकही गुण लागलेला नसेल. परंतु तो नसता, तर पहिल्याच फेकीनंतर खेळ थांबला असता. चाहत्याचे खरे काम कदाचित तेच असावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी कॉफीचा घोट घेतला. ती कडू नव्हती, गोडही नव्हती, नेहमीसारखी होती.

पुढचा हिवाळा आला. ड्यूकच्या संघाला आता नवे प्रशिक्षक लाभले होते. जॉन शायर हे त्यांचे नाव. २०१० च्या विजयी संघात ते स्वतः खेळले होते. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी कॅरोलिनाचा संघ डरहॅमला आला, आणि ड्यूकने तो सामना ६३ विरुद्ध ५७ गुणांनी जिंकला. सामना चालू असताना दोन्ही बाजूंचे काही फ्री थ्रो हुकले. गृहस्थांच्या ओठांवर काही शब्द आले आणि तेथेच थांबले. नातीने तिरप्या नजरेने ते टिपले, पण ती काही बोलली नाही.

सामना संपताच गृहस्थ लगबगीने व्हरांड्याकडे निघाले. दार उघडून पाहतात, तो दिवा आधीच लागलेला होता. नात पायरीवर उभी राहून कुंपणाकडे पाहत होती, आणि पलीकडून कोणाची तरी सावकाश पावले वाजत होती.